टँक उभा कुठंय ते आधी ठरवा

मागच्या अंकात मी सहज एका ओळीत लिहिलं होतं की पुढच्या वेळी प्लास्टिक किटचे रणगाडे आणि त्यांचे कॅमोफ्लाज रंग यावर प्रश्न पाठवा. वाटलं होतं चार-पाच पत्रं येतील, तर आलीत ढीगभर. आमच्या घरात अजूनही टँक म्हटलं की सगळे गच्चीवरच्या पाण्याच्या टाकीकडे बघतात. त्यात त्यांचं फार चुकतही नाही, कारण पहिल्या महायुद्धात इंग्रजांनी हे यंत्र गुपचूप बनवताना कारखान्यात पाण्याच्या टाक्या चालल्यात असंच सांगितलं होतं आणि तेच नाव चिकटलं, आणि शब्दकोशवाले तर त्या इंग्रजी टँकचं नातं आपल्या गुजराती-मराठी टाकी-टाक्याशीच जोडतात. असो. पत्रांकडे वळू.

काका, मी सिडकोत राहतो, इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे. पहिलंच किट, जर्मन टँक टायगर 1, स्केल 1/35, म्हणजे खऱ्याच्या पस्तिसाव्या भागाएवढा. जोडणी मस्त झाली पण रंगाने घात केला. तामिया कंपनीच्या अ‍ॅक्रेलिक बाटल्या आणल्या, ब्रशने पिवळा बेस दिला, त्यावर हिरवे आणि तपकिरी पट्टे ओढले तर खालचा पिवळाच उखडून वर यायला लागला. सगळीकडे रेघा. मित्र म्हणतात टँक रंगपंचमीला रहाडीत, म्हणजे रंगाच्या हौदात, पडला होता का. फेकून देऊ?

फेकू नकोस रे. मित्र जुन्या नाशकातले दिसतायत, उपमा अगदी बरोबर दिलीय त्यांनी, पण दोष तुझ्या हाताचा कमी आणि रंगाच्या स्वभावाचा जास्त आहे. तामियाचं अ‍ॅक्रेलिक अल्कोहोलवालं असतं, पहिला हात वाळल्यासारखा वाटतो पण त्यावर दुसरा ओला हात फिरवला की खालचा विरघळतो आणि ब्रशबरोबर ओढला जातो. एअरब्रशमधून, म्हणजे हवेने रंग फवारणाऱ्या पेनमधून, हे रंग सोन्यासारखे बसतात, ब्रशने मात्र भल्याभल्यांना रडवतात. ब्रशनेच करायचं असेल तर पाण्यात मिसळणारे रंग घे, वालेहोसारखे, ते एकदा नीट वाळले की दुसऱ्या हाताला उठत नाहीत.

आधी हा टँक कोरा कर. आयसोप्रोपिल अल्कोहोल आण, मोबाइल रिपेअरवाले बोर्ड पुसायला वापरतात तेच, त्यात भाग बुडवून ठेव आणि जुन्या टूथब्रशने घास, तामियाचा रंग सुटून येतो आणि प्लास्टिकला काही होत नाही. खिडकी उघडी ठेव आणि गॅसच्या जवळपास हे उद्योग नकोत. आणि हार्डवेअरच्या दुकानातलं एनसी थिनर चुकूनही लावू नकोस, मी लावलं होतं, एका अमेरिकन शर्मन टँकचा इंजिन डेक उकडलेल्या बटाट्यासारखा झाला, तो अजून माझ्या टेबलावर पेनस्टँड म्हणून आहे.

मग भांड्याच्या साबणाने धू, साच्यातून सुटायला लावलेलं तेल प्लास्टिकवर असतं आणि त्याच्यावर रंग धरत नाही. राखाडी प्रायमर, म्हणजे रंग धरायला लागणारा पहिला थर, दे, एक दिवस थांब. नंतर पिवळा, पातळ, तीन हात, प्रत्येक हातामध्ये पूर्ण वाळू दे, आणि पहिला हात बघून घाबरू नकोस, पहिला हात घाणच दिसतो.

आता कॅमोफ्लाज. इथे थांबून एक प्रश्न स्वतःला विचार, माझा टँक कोणत्या साली, कुठे उभा आहे? जर्मन टँक सुरुवातीला बहुतेक गडद राखाडी असायचे, फेब्रुवारी 1943 मध्ये हुकूम निघाला की आता बेस गडद पिवळा, आणि त्यावर टाकायला लाल-तपकिरी आणि ऑलिव्ह हिरवा अशा दोन रंगांची घट्ट पेस्ट डब्यातून युनिटला मिळायची. ती पातळ करायची पाण्याने किंवा पेट्रोलने, जे हाताशी असेल त्याने, आणि मारायची त्या टँकच्या पोरांनीच. कुणाकडे स्प्रे गन असायची, कुणी सरळ ब्रशने किंवा कुंच्याने फासायचं. म्हणून दोन टँक सारखे नाहीत, एकावर पट्टे धुरकट तर दुसऱ्यावर कडक कडेचे, एकावर रंग पाण्यासारखा पातळ आणि दुसऱ्यावर सारवल्यासारखा. म्हणजे तुझा ब्रशने रंगवलेला टायगरही इतिहासाला धरून असू शकतो, फक्त तो फेब्रुवारी 1943 च्या नंतरचा हवा. 1942 चा टायगर करत असशील तर तीन रंग विसर.

आणि तुझा टायगर 1944 च्या पहिल्या अर्ध्यातला असेल तर किटमध्ये झिमरिटचा पोत आहे का बघ, म्हणजे चुंबकी सुरुंग चिकटू नये म्हणून चिलखतावर थापलेला तो खरबरीत, रेघारेघांचा लेप. सप्टेंबर 1944 मध्ये तो लावणं बंद झालं. नसेल तर सरळ 1943 चा उन्हाळा धर, कटकट मिटली.

धुरकट कड ब्रशने हवी असेल तर एक जुना, केस पिंजारलेला ब्रश घे, रंग घेऊन तो कागदावर जवळजवळ पूर्ण पुसून टाक आणि पट्ट्याच्या कडेला नुसता टोचत जा. हिशोब कर, खऱ्या टँकवर स्प्रेची धूसर कड 10 सेमी धरली तर 1/35 मध्ये ती 3 मिमीपण भरत नाही. बहुतेक नवशिके तिथे बोटभर ढग करतात आणि मग तो टँक कापसात गुंडाळलेला दिसतो. अजून एक, पट्टे मारून झाले की टरेट, म्हणजे तोफेचा वरचा फिरता घुमट, थोडं फिरवून ठेव, टरेटवरचे पट्टे खालच्यांशी जुळेनासे होतात आणि एकदम खरं वाटायला लागतं. तिन्ही रंगांत बाटलीतून काढल्या काढल्या थेंबभर पांढरा किंवा बदामी घाल, एवढ्याशा वस्तूवर मूळ रंग नेहमी जास्त गडद दिसतो.

नमस्कार, माझा मुलगा सातवीत आहे, त्याला टँकचं किट हवंय. आम्ही इंदिरानगरला फ्लॅटमध्ये राहतो, घरात माझे सासरे दम्याचे पेशंट आहेत. वासाचं काय? आणि किट कोणतं घेऊ?

ताई, सासऱ्यांना दमा असेल तर स्प्रे कॅन, इनॅमल आणि टर्पेंटाइन घरात आणूच नका, विषय संपला. पाण्यातले अ‍ॅक्रेलिक आणि ब्रश एवढ्यावर मुलाचं मस्त भागतं. प्लास्टिक सिमेंटलाही, म्हणजे किट जोडायच्या गोंदालाही, वास असतो, ते बाल्कनीत बसून लावायचं आणि बाटलीचं झाकण लगेच लावायचं (ती पातळ बाटली सांडते, सगळ्यांचीच सांडते, एखाद्या जड वाटीत बसवून ठेवा). किट 1/35 चं घ्या, 1/72 स्वस्त असतं पण भाग इतके बारीक की मुलं वैतागतात. पट्टा म्हणजे ट्रॅक एकसंध असलेलं बघा, एकेक कडी जोडायची असलेलं किट पहिल्याच वेळी घेतलं तर ते दिवाळीपर्यंत डब्यातच राहील. शर्मन चांगला, बहुतेक करून एकाच रंगाचा, त्यामुळे कॅमोफ्लाजची घाई नाही. भाग तोडायला सुरुवातीला नेलकटरसुद्धा चालतो. कटर ब्लेड मात्र तुमच्यासमोरच.

दादा, आमचा पंचवटीत गणपतीचा कारखाना आहे, वडिलांपासून. एअरब्रश आणि कॉम्प्रेसर आमच्याकडे आहेच, मूर्तीचं शेडिंग मीच करतो. आता ऑफ सीझनला मित्राच्या नादाने पॅंथर या जर्मन टँकचं किट घेतलं, पण त्याच कॉम्प्रेसरवर मारलं तर रंग कोळ्याच्या जाळ्यासारखा पसरतोय आणि जवळून बारीक रेघ येतच नाहीये. मूर्तीवर तर येते. काय चुकतंय?

हे पत्र वाचून मी खुर्चीतून उठलोच. अहो, आम्ही लोक दोन-दोन वर्षं कागदावर ठिपके मारत बसतो तेव्हा कुठे जो हात येतो तो तुमच्याकडे गणपतीच्या गालावरची लाली मारून मारून आधीच आलाय. मूर्तीच्या डोळ्यांची आखणी करणाऱ्या माणसाला मी पॅंथर काय शिकवणार. पण तुम्ही मूर्तीच्या मापाने फवारताय आणि पॅंथर तळहाताएवढा आहे, गोम तिथे आहे.

पहिलं प्रेशर. मूर्तीला चालतं ते इथे वादळ होतं. रेग्युलेटर लावा आणि बेससाठी 15 ते 20 पीएसआयवर या. पट्ट्यांसाठी अजून खाली, 10-12. रंग कोळ्याच्या जाळ्यासारखा फुटतो तो म्हणजे हवा जास्त आणि रंग पातळ, किंवा तुम्ही एका जागी थांबलात. पण प्रेशर कमी केलं की रंग अजून पातळ लागतो, नाहीतर थुंकतो, मग दोन्हीचा मेळ हातानेच घालावा लागतो. बेससाठी तामियाचा रंग आणि त्यांचंच थिनर निम्मं निम्मं, बारीक पट्ट्यांसाठी एक भाग रंगाला दोन भाग थिनर. कपाच्या कडेवरून ओघळताना दुधासारखा दिसला पाहिजे. सायीसारखा नको, पाण्यासारखाही नको.

दुसरं नोझल. मूर्तीकामाला मोठं नोझल बरं पडतं, इथे 0.3 मिमी घ्या, 0.2 पण मिळतं पण ते सारखं तुंबतं आणि माणूस शिव्या द्यायला लागतो. तिसरं अंतर. बेस 10 सेमीवरून, पट्टे 2-3 सेमीवरून, आणि हात थांबवायचा नाही, आधी हात हलवायचा मग रंग सोडायचा, आणि रंग बंद करून मग हात थांबवायचा, हे तुम्हाला मी सांगायची गरज नाही पण बाकीचे वाचतायत. दर दोन-तीन मिनिटांनी सुईच्या टोकावर वाळलेला रंग थिनरमध्ये भिजवलेल्या कापसाने पुसा, अ‍ॅक्रेलिक टोकावर लगेच वाळतं. आणि कारखान्यातल्या कॉम्प्रेसरला हवेतलं पाणी अडवणारा वॉटर ट्रॅप आहे का ते बघा, मोठ्या मूर्तीवर एक थेंब कळत नाही, पॅंथरवर तो सगळा दरवाजा खाऊन टाकतो.

मूर्तीचे पाण्यातले रंग मात्र पॅंथरवर थेट मारू नका, गुळगुळीत प्लास्टिकवर धरत नाहीत, नख लागलं की निघतात.

तुम्ही शेवटी हे पण विचारलंय की कलाकाराने असल्या लष्करी गोष्टी करणं बरं का. अहो, हे काम सुरूच कलाकारांनी केलं. 15 सप्टेंबर 1916 ला फ्रान्समधल्या सोमच्या लढाईत इंग्रजांचे टँक पहिल्यांदा उतरले, त्यांच्यावरच्या रंगकामामागे सॉलोमन जोसेफ सॉलोमन हा चित्रकार होता, लंडनच्या रॉयल अ‍ॅकॅडमीचा, मोठमोठ्या लोकांची पोर्ट्रेट करणारा. गुलाबी, हिरवा, तपकिरी असे ठिगळ ठिगळ रंग त्याने काढले. आणि झालं काय, मैदानात एवढा चिखल की टँक थोडे पुढे गेले की सगळे एकाच रंगाचे. पुढे इंग्रजांनी तो नाद सोडला आणि सरळ एकरंगी तपकिरीवर आले. मला ही गोष्ट फार आवडते, विशेषतः रात्री दोनला एखादा पट्टा तिसऱ्यांदा दुरुस्त करत असतो तेव्हा.

सर, इगतपुरीहून लिहितोय. जुलैत मॅट वार्निशचा स्प्रे कॅन मारला आणि सगळा टँक पांढरा पडला, पीठ भुरभुरल्यासारखा. चार महिन्यांची मेहनत. काही होईल का?

इगतपुरीत, जुलैत, स्प्रे कॅन! धाडस आहे तुमचं. तुमच्याकडे त्या महिन्यात पापडसुद्धा वाळत नाहीत. झालंय असं की वार्निशमधलं सॉल्व्हंट झपकन उडतं, त्याने पृष्ठभाग गार पडतो, आणि हवेतली वाफ त्यावर बसून आत अडकते, तोच पांढरा थर. घाबरू नका, खालचा रंग बहुतेक शाबूत असतो. कोरडा दिवस बघा, आता हिवाळा लागला की उत्तम, आणि त्यावर ग्लॉस क्लिअरचा एक पातळ हात मारा, बऱ्याचदा पांढरेपणा विरघळून गायब होतो. मग त्यावर परत मॅट, पण कॅन आधी पाच मिनिटं कोमट पाण्यात ठेवून (कोमट म्हणजे हात सहज घालता येईल असं, उकळतं नाही, आणि गॅसवर तर अजिबात नाही, तो बॉम्ब आहे). पावसाळ्यात मी स्वतः पाण्यातलं मॅट वार्निश एअरब्रशने मारतो, तेही दुपारी.

तुम्ही डिकलच्या, म्हणजे भिजवून चिकटवायच्या खुणांच्या, कडेला चांदी चमकते म्हणता ते वेगळं दुखणं आहे. खरबरीत मॅट रंगावर डिकल ठेवलं की खाली हवा अडकते. डिकलच्या आधी ग्लॉस, मग डिकल, वरून ते मऊ करणारं सॉफ्टनर, वाळलं की मग शेवटचं मॅट. आता लागलेल्या डिकलला सुईने टोचे मारून सॉफ्टनर सोडून बघा, अर्ध्या वेळा जमतं.

मी देवळाली कॅम्पला राहतो, तोफखान्यातून निवृत्त झालो. नातवाने सेंच्युरियन रणगाड्याचं किट आणलंय आणि त्याला 1971 च्या बसंतरच्या लढाईतला करायचाय. डब्यावर तर इंग्रजांच्या खुणा आहेत. रंग कुठला द्यावा? आणि आमच्या मळ्यातली काळी माती चिखल म्हणून वापरली तर चालेल का?

साहेब, नमस्कार. तुम्ही तोफेचे, आम्ही कागदी टँकवाले, त्यामुळे काही चुकलं तर सांभाळून घ्या.

बसंतर म्हणजे पाकिस्तानातल्या शकरगढचा भाग, आणि सेंच्युरियन म्हटलं की 17 पूना हॉर्स आलीच. 16 डिसेंबर 1971 ला याच रेजिमेंटचे सेकंड लेफ्टनंट अरुण खेत्रपाल, वय 21, पुण्यात जन्मलेले, रणगाडा पेटल्यावरही बाहेर पडले नाहीत कारण तोफ अजून चालत होती. परमवीर चक्र मरणोत्तर. त्यांच्या सेंच्युरियनचं नाव फामागुस्ता, आणि तो नगरला, आता अहिल्यानगर, आर्मर्ड कोअर सेंटर अँड स्कूलमध्ये जपून ठेवलाय. त्याच रेजिमेंटचे लेफ्टनंट कर्नल तारापोर यांना 1965 मध्ये परमवीर चक्र मिळालं होतं, तेव्हाही सेंच्युरियनच. नातवाला हे सगळं तुमच्या तोंडून ऐकू दे, किटच्या कागदावर यातलं काही नसतं.

रंगासाठी माझा सल्ला सिन्नरवरून गाडी काढून नगर गाठा. तिथलं कॅव्हलरी टँक म्युझियम 1994 पासून आहे, देशोदेशीचे टँक उघड्यावर उभे आहेत, पाकिस्तानकडून पकडलेले पॅटन टँकसुद्धा. चाकं, झाकणं, टरेटवरचे डबे, सगळ्याचे जवळून फोटो काढा. पण रंग तिथून उचलू नका! म्युझियममधले टँक दर काही वर्षांनी नव्याने रंगवतात, तो रंग देखभालीचा असतो, लढाईचा नव्हे. रंगासाठी 1971 चे छापील फोटो बघा आणि फोटोत ठळक पट्टे दिसत नसतील तर नातवाने कितीही हट्ट केला तरी पट्टे काढू नका. आज 26 जानेवारीला दिसतात ते हिरव्यावर वाळूच्या रंगाचे पट्टे बघून बरेच जण 1971 चा टँकही तसाच रंगवतात, मग तो टँक पन्नास वर्षं चुकतो. साधा ऑलिव्ह हिरवा, त्यावर भरपूर धूळ, वरून तोडलेल्या फांद्या आणि जाळी. तुम्ही स्वतः तोफा झाकल्यात, जाळी कशी टाकतात ते तुमच्याइतकं कुठल्या पुस्तकात सापडणार नाही. जाळीला जखमेवरची गॉझपट्टी घ्या, पातळ फेविकॉलच्या पाण्यात बुडवून अंथरा आणि वाळल्यावर रंगवा.

आता माती. मळ्यातली काळी माती नको, दोन कारणांनी. एक म्हणजे ती नाशिकची आहे आणि टँक पंजाबच्या बाजूला उभा आहे, तिकडची नदीच्या गाळाची माती सुकली की फिकट, भुरकट दिसते. उद्या कोणी राजस्थानातल्या लोंगेवालाचा देखावा केला तर तिथे वाळू, आणि तिथे वाळूत रुतून जळालेले टँक समोरच्यांचे टी-59, आपल्याकडून हॉकर हंटर विमानं, सेंच्युरियन नाहीतच. दुसरं कारण मापाचं. मातीचा 2 मिमीचा खडा 1/35 मध्ये 7 सेमीचा धोंडा होतो, ट्रॅकमध्ये अडकलेला दिसला की सगळा खोटेपणा उघडा पडतो. त्यापेक्षा शाळकरी सॉफ्ट पेस्टलचे खडू घ्या, बदामी, करडा, थोडा तपकिरी, ब्लेडने खरवडून पूड करा, मलमलच्या कापडातून चाळा. चाकांच्या आसपास ब्रशने टाका आणि वरून टर्पेंटाइनचा थेंब सोडा, तो आपोआप पसरतो आणि वाळला की पूड धरून ठेवतो. जाड चिखल हवा असेल तिथेच त्यात थोडं प्लास्टर.

आणि चिखलाच्या आधी सगळ्या टँकला वॉश द्या, ऑइल कलरमधला बर्न्ट अंबर भरपूर टर्पेंटाइनमध्ये, झाकणांच्या आणि नटबोल्टच्या कडेला सोडायचा. खाली अ‍ॅक्रेलिक रंग पूर्ण वाळलेला असेल तर तो उठत नाही. यात घाई केली तर काय होतं ते वर सिडकोच्या मुलाला विचारा.

ओझरहून. माळ्यावर ठेवलेला दहा वर्षांपूर्वीचा टँक काढला, चाकं वितळून ट्रॅकच्या पट्ट्याला चिकटलीत. उन्हाने का?

उन्हाने वेग आला असेल, पण गुन्हेगार पट्टा आहे. काही जुन्या व्हिनाइल ट्रॅकमधलं मऊ ठेवणारं रसायन हळूहळू बाहेर पडतं आणि ज्याला टेकेल ते पॉलिस्टायरिनचं चाक खातं. पुढच्या वेळी चाकांवर आणि पट्ट्याच्या आतल्या बाजूला रंगाचा पूर्ण थर असू दे, आणि टँक माळ्यावर नको, कपाटात. आता खराब झालेली चाकं दोन-तीनच असतील तर ती भिंतीच्या बाजूला येतील असा टँक ठेवा, आमच्या शोकेसमध्ये निम्मे टँक तसेच उभे आहेत.